शेवटचा नग

बाजाराच्या कचेरीत एक शब्दकोश आहे,
पाठ उसवलेला, चहाचे गोल डाग पडलेला.
आधीचा कारकून शब्दकोडी सोडवायचा, त्याचा.
मी इथे अकरा वर्षं पावत्या फाडते आहे.
दिवसातून हजारदा कानावर पडणारा शब्द
उघडून पाहिला तो त्या गुरुवारी,
मेंढ्या यायच्या आत.

बिड.
एवढासा. तोंडात घोळवायलाही पुरत नाही.
कोश म्हणतो, हा एक नव्हे, दोन आहेत:
दोन जुनी क्रियापदं शेजारी शेजारी राहून
एकमेकांच्या कपड्यांत शिरली,
आता कुणाचा सदरा कुणाच्या अंगात, कळत नाही.
पहिलं गुडघ्यांवर बसलेलं. विनवणारं.
प्रार्थना मोजायच्या मण्याचं नावही त्याच घरातलं.
दुसरं उभं. पुढे करणारं, पुकारणारं,
हुकूम सोडणारं,
आणि त्याचं मूळ खणत खणत गेलं
की फार खोलवर हाताला लागतो
आपला 'बोध'.
जागं असणं. जागं करणं.

बाहेर ट्रक मागे येऊ लागले. मी कोश मिटला.

स्कारथवेटचा कळप होता त्या दिवशी, सगळाच.
हॅरल्ड टॅलंटायर फेब्रुवारीत गेला.
काळ्या तोंडाच्या, वळलेल्या शिंगांच्या
तीनशे बारा मेंढ्या
एकाच डोंगरावर जन्मलेल्या,
कुंपण नसताना हद्द ओळखणाऱ्या.

आपल्याकडे बोली लावतात.
जी बोलतो, तीच लावतो.
इथे कुणी बोलत नाही.
एनिड रेल्फ पेन्सिल कानामागे सरकवते: दोन गिनी.
डॉसनची भुवई: अजून दोन.
गिनी खिशातून जाऊन दोनशे वर्षं झाली,
तोंडातून जायला तयार नाही.
बोलतो तो एकटा क्लेम, लाकडी ओट्यावरून,
श्वास न घेता, आकड्यांना आकडे बांधत,
त्या गजरात कुणी विनवतंय की हुकूम सोडतंय
हे मला अकरा वर्षांत समजलेलं नाही.

दुपारी अडीचला मेंढ्या संपल्या.
मग दोन फाटकं, एक पाण्याची टाकी, लोकर कातरायचं यंत्र.
आणि शेवटचा नग, एकशे अठ्ठ्याऐंशी:
हॅरल्डची काठी.
हेझलची, मुठीला मेंढ्याचं शिंग,
अंगठा जिथे बसायचा तिथे खळगा.
यादीत ती चुकून गेली होती.
यादी मीच टाइप केली होती.

इझ्मे टॅलंटायरने हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा,
वय वर्षं चाळीस.
"एक पौंड."

मागच्या बाकावर लीड्सचा एक व्यापारी होता,
जुन्या वस्तूंचा. त्याने कार्ड उचललं, अर्धं.
आणि पस्तीस माणसं वळली.
कुणी रागावलं नाही. नुसतं पाहिलं.
मनाईच्या इंग्रजी शब्दातही हाच शब्द बसलेला आहे,
पुढे एक नन्ना लावून.
ते पान मी सकाळी वाचलं नव्हतं.
कार्ड खाली आलं.

क्लेमने एकवार म्हटलं.
दोनवार म्हणताना त्याचा आवाज बसला, तो खोकला.
एवढी शांतता मी त्या छपराखाली ऐकली नव्हती.
कुणीच वाढवत नव्हतं, जीव तोडून,
सगळेच्या सगळे.
तीनवार.

पावती मी फाडली. रक्कम: एक.
काउंटरपाशी आईने, मेरियनने,
इथल्या रिवाजाप्रमाणे विकणारीने घेणारीला द्यायचं
शकुनाचं नाणं पर्समधून शोधलं.
सुटे नव्हते. तोच पौंड लेकीच्या हातावर ठेवला.
"हिशेबात कसं लिहू?" मी विचारलं.
"लिही काहीतरी," ती म्हणाली,
आणि दोघी बाहेर गेल्या, ट्रक निघण्याआधी.
निरोप घेण्यालाही इथे हाच शब्द आहे.
काचेतून मला फक्त काठी दिसत होती,
ती हवेत जराशी उचललेली,
मेंढ्यांना काय सांगत होती कोण जाणे.